वाळू संपेपर्यंत

बाई फळा पुसत होत्या. मागे दोघा पोरांची निळ्या खडूवरून जुंपली होती. एकाने दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि त्याने भोकाड पसरलं. बाईंनी वळून पाहिलं. राग आला नाही, कीवही आली नाही. त्या पुन्हा फळा पुसायला लागल्या.

आई गेल्यावर आज त्या पहिल्यांदाच वर्गात आल्या होत्या. सकाळी मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "जमत नसेल तर सांगा. आणखी थोडे दिवस घरी थांबा." घरी थांबायचं म्हणजे आईच्या रिकाम्या पलंगासमोर दिवस काढायचा. बाईंना त्याचीच धास्ती होती. "जमेल," त्या म्हणाल्या होत्या.

पाण्याची बाटली लवंडली. दोघं बाकावर चढले. तेवढ्यात कोणीतरी बाईंची बाही ओढली. भोंगा होती. एवढीशी पोर, पण आवाज शाळाभर जायचा, म्हणून सगळे तिला भोंगाच म्हणायचे.

"बाई, फळ्यावर काहीच नाहीये."

फळा कधीच कोरा झाला होता.

भोंगाने त्यांचं बोट धरलं आणि त्यांना कोपऱ्यातल्या सतरंजीकडे नेलं. सतरंजीचा नियम बाईंनीच केला होता. ज्याचं बिनसलंय त्याने तिथे बसायचं आणि वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू पडतेय तोवर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. संपली की 'आता बरं वाटतंय' म्हणायचं आणि उठायचं. तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे भोंगाच.

बाई बसल्या. का बसल्या ते त्यांनाही कळलं नाही. भोंगाने घड्याळ उलटं केलं. वर्ग हळूहळू गप्प झाला, चावणारा पोरगासुद्धा.

या वर्गातून आवाज येईना म्हणून मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलं हाताची घडी घालून बसलेली आणि बाई जमिनीवर.

"हे काय चाललंय?"

"सतरंजीवर बसलेल्याशी बोलायचं नसतं," भोंगा कुजबुजली. तिला कुजबुजता येतं हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या बाई उंबऱ्यावरच थांबल्या.

वाळू संपली. सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला. बाईंनी तोंड उघडलं. 'आता' एवढंच बाहेर आलं. 

भोंगाने जरा वेळ वाट पाहिली. मग तिने घड्याळ पुन्हा उलटं करून ठेवलं.