तीन नंबरची खिडकी

बुधवारी दुपारी भिंगरीने नखांचं काम कायमचं सोडलं. मावशीला ते ऐकू गेलं नाही, कारण ती एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ड्रायर फिरवत होती, आणि संध्याकाळपर्यंत भिंगरीचा विचार बदलला. तेव्हा तिने काही सोडलंच नाही असं धरून चालू.

कोर्स पास होऊन थोडेच दिवस झाले होते. प्रमाणपत्र मावशीच्या पार्लरमध्ये आरशाच्या वर लावलं होतं. जरा तिरकं, कारण लावताना भिंगरीचा हात हलला होता. खोट तेवढीच होती. सरावाच्या रबरी हातावर तिचं काम सुबक उतरायचं. रबरी हाताने आजवर तक्रार केली नव्हती. पण समोर जिवंत माणूस बसलं आणि "छान करा हं" म्हणालं, की ब्रश थरथरायचा आणि रंग नख सोडून बोटभर फिरायला निघायचा.

"अगं, नख रंगवायचंय, कुंपण नाही," मावशी म्हणायची आणि ब्रश काढून घ्यायची. मग भिंगरीच्या वाट्याला जुना रंग पुसणं आणि टॉवेलांच्या घड्या. घड्या मात्र बघत राहाव्यात अशा.

अपवाद एकच. बाबा. दर रविवारी ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे आणि दाढीला बसल्यासारखे खुर्चीत बसून दोन्ही पंजे टेबलावर ठेवायचे. पाणीपट्टीच्या ऑफिसात, तळघरात, फायली उचलण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या पंजांवर भिंगरीचा हात कधी थरथरला नाही.

"ऑफिसात लोक काय म्हणतात?" तिने एकदा विचारलं होतं.

"सोमवारी सकाळी पुसून टाकतो. रिमूव्हर दिलायस ना."

आणि खरंच, दर रविवारी ते कोरी नखं घेऊन यायचे. बोटांना रिमूव्हरचा नुसता भपकारा. सोमवारचा वास रविवारपर्यंत टिकतो म्हणजे बिचारे किती घासत असतील, असं वाटून भिंगरी त्यांच्या हातांना क्रीम जास्त चोळायची.

मग ते तीन नंबरचं प्रकरण सुरू झालं.

"मला त्या तीन नंबरच्या बाईंसारखी नखं करून द्या," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"कोण बाई?" मावशीने विचारलं.

"पाणीपट्टीच्या ऑफिसात, तीन नंबरच्या खिडकीवर. काचेला पांढरा रंग फासलाय, चेहरा दिसत नाही. माईकही बंद. खालच्या फटीतून नुसते हात येतात. हात तसे राकट आहेत बरं का, पण नखं! बिल भरल्याचं दुःखच होत नाही."

"रंग कुठला?"

"दर आठवड्याला निराळा."

मग दुसरी आली. मग एक काका बायकोसाठी चौकशी करून गेले. मावशीने जीव ओतून काम केलं, तरी बाया हात लांब धरून म्हणायच्या, "छान आहेत. पण तशी नाहीत." मावशीला हे आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. आणि मावशीचा जिथे निभाव लागेना, तिथे आपण कोणत्या झाडाचा पाला, असं भिंगरीला वाटलं.

रविवारी तिने विषय काढला. "बाबा, तीन नंबरला कोण बाई बसतात हो?"

"मी तळघरातला माणूस. वर माणसं कमी पडली की कुणालाही कुठेही बसवतात."

"विचारा ना त्यांना, नखं कुणाकडून करून घेतात."

"त्या कुणाशी बोलत नाहीत."

"गर्व असेल."

"असेल," बाबा म्हणाले. "हल्ली थोडा."

"माझ्याच्याने नाही होणार हे, बाबा. मी सोडते."

बाबा काहीतरी सांगणार होते, पण त्याऐवजी त्यांना शिंक आली. अनामिकेवर करड्या निळ्या रंगाचा ओघळ गेला. भिंगरीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग सुईच्या टोकाने त्या ओघळाची गोगलगाय केली. पाठीवर शंख, पुढे दोन शिंगं. हात तसूभर हलला नाही.

"पुढच्या महिन्यात रिटायर होतोय," बाबा गोगलगायीला म्हणाले. "तोवर तरी सोडू नकोस."

"ही नीट पुसा हं उद्या. लोक हसतील."

"पुसतो की."

बुधवारी आणखी एक बाई "तशी नाहीत" म्हणून गेली. भिंगरीने ॲप्रन खुंटीला अडकवला, "मावशी, मी सोडलं हे काम" असं ड्रायरला सांगितलं आणि मावशीचं पाण्याचं बिल घेऊन निघाली. हरलोच आहोत, तर कुणाकडून ते तरी बघावं.

तीन नंबरला ही लांब रांग. एक आणि दोन नंबरचे कारकून माश्या मारत बसलेले.

"मी कालच भरलं," पुढचे आजोबा म्हणाले. "आज पुढच्या वर्षीचं आगाऊ भरतोय."

"हळू बोला," मागून कुणीतरी दटावलं. "बाईंचं चित्त विचलित होतं."

भिंगरीचा नंबर आला. तिने बिल फटीत सरकवलं. एक हात बाहेर आला. लांब बाही, मनगटाशी बटण घट्ट लावलेलं. नखं ओढ्यातल्या ओल्या गोट्यांसारखी. भिंगरी फटीशी वाकली. काय ती कड! रंग कातडीला कुठे शिवलासुद्धा नव्हता. ज्या कुणी हे केलं, तिचा हात जन्मात थरथरला नसेल, तिच्या मनात आलं.

मग शिक्का धरलेला दुसरा हात बाहेर आला. अनामिकेवर गोगलगाय होती.

भिंगरीची बोटं अजून बिलावरच होती. शिक्का हवेत थांबला. दोन्ही हात शंखात शिरावेत तसे आत गेले. बऱ्याच वेळाने पावती बाहेर आली. थरथर आता त्या हातांना सुटली होती.

सूचनापेटीजवळ दोरीने बांधलेलं पेन होतं. भिंगरीने पावती उलटी केली आणि लिहायला घेतलं. अक्षर छापल्यासारखं आलं.

"माननीय साहेब, खिडकी क्रमांक तीनवरील बाई पुढील महिन्यात सेवानिवृत्त होत असल्याचे समजते. तरी त्यांना निवृत्त करू नये, तळघरात परत पाठवू नये, आणि काचेवरचा रंग कोणत्याही कारणास्तव खरवडू नये, ही नम्र विनंती. अर्जदार: बाईंची मुलगी."