भरलेलं सिलेंडर, चार मजले

मला पुण्यात नोकरी लागली आहे. पण तसं काही झालंच नाही, असं आमच्या इमारतीत सगळ्यांनी ठरवलं आहे.

भनपुरीतल्या या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा जिमला जाण्याऐवजी मी भरलेलं सिलेंडर खांद्यावर घेऊन चार मजले चढायला लागलो. आधी आमचं, मग शेजाऱ्यांचं, मग सगळ्यांचंच. गुडघे दुखणाऱ्या विनोदिनीकाकूंना तर रोज खुर्चीसकट खाली देवळापर्यंत नेतो. "आज लय हाफून राहिला रे पोट्ट्या," त्या खुर्चीतून म्हणतात, "जेवत नाही का नीट?"

मार्चच्या सभेत लिफ्ट दुरुस्तीचा ठराव एकमताने रद्द झाला. मी तेव्हा सिलेंडर आणायला गेलो होतो.

पुण्याचं सांगितलं तर सचिव नरहरकाका म्हणाले, "काहून जातं बे तिकडे? असा व्यायाम पुण्यात भेटते का तुले?" सोमवारी रुजू व्हायचं आहे, आणि सोमवारीच चार कूलर वर न्यायचे आहेत. त्यातला एक बाबांचा.

म्हणून सोसायटीला सविनय अर्ज केला आहे:

"माझ्या जागी एका लिफ्टची नेमणूक करण्यात यावी. पदभार सोपवण्यास अर्जदार तळमजल्यावर हजर आहे."