घरातली आधीची

प्रेमदासनं वारंगा फाट्यावरून कुत्र्याचं पिल्लू आणलं, तशी घरची मांजर रुसून बसली. मग त्यानं पिल्लू ओसरीत बांधलं, वास ओळखीचा व्हावा म्हणून त्याचं पोतं मांजरीखाली अंथरलं, आणि दूध रोज आधी मांजरीलाच.

"इतकी तकलीफ काहून? मांजर देऊन टाक की कुनाला," शेजारचा भावसिंग म्हणाला.

"अरे व्वा! ती या घरातली आधीची. नवं आलं म्हनून तिनं काहून जावं?" प्रेमदास उसळला.

सुटी संपली म्हणून आत पेटी भरत बसलेल्या त्याच्या लेकीचा, पूजाचा, हात थांबला. घरात नवी आई आली त्याच महिन्यात तो तिला कळमनुरीच्या वसतिगृहात ठेवून आला होता. प्रेमदासला तिच्याकडं बघवेना.



"बा," तिनं हळूच विचारलं, "मग मी पेटी भरू का नको?"