कर्नलसाहेबांच्या हातची पत्रं

इसोबेल काउईनं पत्र टेबलावर ठेवलं आणि एका बोटानं विल्माकडे सरकवलं.

"हे तुझ्या साहेबाला परत दे. म्हणावं, तेलाच्या रिगच्या पायाला चीर गेलीय हे माझा जॉर्ज दोनदा सांगून आला होता. तेव्हा कुणी कान दिला नाही. आता अक्षर मात्र मोत्यासारखं."

विल्मा मेअर कर्नल पेल्हमची सेक्रेटरी होती. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशी भांडायचं नाही, असं तिनं मनाशी घोकलं होतं. पण तिची कानशिलं तापली.

"त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी एकही माणूस तिथं राहू दिला नसता, इसोबेल. हेच चौकशीत सांगणारेस?"

"हेच. आज अकरा वाजता, न्यायाधीशासमोर."

"एका भल्या माणसाचं नाव मातीत घालशील."

"माझं माणूस पाण्यात गेलं, बाई. त्याला मातीसुद्धा मिळाली नाही."

एवढं बोलून ती गेली. जिन्यावर तिचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

विल्मानं पत्र उचलून पुसलं. असं पत्र परत करवतं तरी कसं माणसाला? चोविसाव्या वर्षी वाळवंटातल्या लढाईत हा माणूस तुकडीचा मुख्य होता. पडलेल्या प्रत्येक शिपायाच्या आईला त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. छापील कागदावर आईनं रडू नये, म्हणायचा. पुढे वर्दी उतरली आणि तो तेलात आला. आधी इराणच्या आखातात, मग या थंड समुद्राच्या पोटात तेल लागलं तेव्हा स्कॉटलंडात ॲबर्डीनला, कंपनीचा मोठा साहेब म्हणून. केस पांढरे झाले, शिस्त तीच. नाताळची शुभेच्छापत्रं सप्टेंबरातच लिहून तयार. "ऐन वेळी हात कापतो, विल्मा," तो म्हणायचा.

आणि केवढं लक्ष माणसांवर! नोव्हेंबरात त्यानं रिगवरच्या बासष्टही जणांची यादी मागितली होती. नुसती नावं नव्हेत. कुणाची आई आहे, कुणाची बायको, आणि बंदरावर त्याला काय म्हणून हाक मारतात. या किनाऱ्यावर अर्धी माणसं मेअर नि अर्धी काउई, तेव्हा टोपणनाव हेच खरं नाव. कंपनीतल्या कुठल्या साहेबानं आजवर ते विचारलं होतं? विल्मानं दोन संध्याकाळी बसून यादी टाइप केली, मायेनं.

जानेवारीत, न्याहारीच्या वेळी, रिग कलंडली. अकरा जण गेले. कर्नलसाहेब दिवसभर दोन्ही कानांना फोन लावून बसले होते, घास खाल्ला नाही की खुर्ची सोडली नाही. आणि तरीही संध्याकाळच्या टपालाला अकरा पत्रं तयार होती, एकासारखं दुसरं नाही. तिकिटं लावताना विल्माचे डोळे भरून आले होते.

आणि आता या लोकांना त्याच हाताला चिखल फासायचा होता. त्यात तिचा सख्खा भाऊ. ॲलिकला पाण्यातून ओढून काढलं होतं, आणि तोही आज इसोबेलच्या बाजूनं साक्ष देणार होता. सकाळी लोणीदार बटरी पावाचा तुकडा चहात बुडवत त्यानं ते सांगितलं, जणू हवापाण्याची गोष्ट.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटतोस?" विल्मा म्हणाली होती.

"मीठ खाल्लं ना, पोटभर खाल्लं. समुद्राचं. अजून ओकतोय."

"तू काय ओळखतोस त्यांना, गाजर?" लाल केसांमुळे अख्खं बंदर त्याला गाजर म्हणे. ती फक्त संतापली की म्हणायची.

"तू ओळखतेस ना? मग झालं तर. चल आवर, गाडीतून सोडतो. भांडण गाडीतही करता येईल."

आता तो खाली रस्त्यावर गाडी चालू ठेवून बसला होता. कर्नलसाहेब पुढे गेले होते. विल्मानं कोट चढवला आणि थांबली. साक्षीला साक्षीनंच उत्तर दिलं पाहिजे. साहेब प्रत्येक पत्राची प्रत ठेवत. त्या अकरा प्रती न्यायाधीशापुढे ठेवाव्यात. वाचू दे त्यांना. कळू दे अख्ख्या गावाला, की हा माणूस कुणाला मरायला सोडणारा नव्हे.

तिच्याकडे साहेबांच्या टेबलाची किल्ली होती. खालच्या खणात प्रती नव्हत्या. फितीनं बांधलेला पाकिटांचा एक जाड गठ्ठा होता. पाकिटं बंद, वर पत्ते साहेबांच्या हातचे. पहिलं मिसेस बकनना. त्यांचा मुलगा तर बचावला होता, परवाच चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर बसून बेसूर गात होता. दुसरं, तिसरं, दहावं... सगळी वाचलेल्यांच्या घरची.

विल्माला भरून आलं. म्हणजे ज्यांची माणसं परत आली, त्यांनाही साहेबांनी लिहिलं होतं! आणि या चौकशीच्या धबडग्यात धाडायचं राहून गेलं. हा गठ्ठाच न्यावा. इसोबेलच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवावा.

तिनं मोजला. एक्कावन्न.

शेवटच्या पाकिटावर तिचंच नाव होतं.

खाली ॲलिकनं हॉर्न वाजवला. एकदा, मग चिडून दोनदा. "आले, आले," ती पुटपुटली आणि हसत पाकीट फोडलं. तारखेची जागा कोरी होती. खाली तेच मोत्यासारखं अक्षर.

"प्रिय मिस मेअर, तुमचा भाऊ ॲलिक, ज्याला सारं बंदर प्रेमानं गाजर म्हणायचं, आपल्या जागेवर उभा असतानाच गेला. त्याला काही कळलंही नसेल."