आधी विस्तव

अपेक्षाची कथा चौथ्यांदा लिहून झाली होती आणि या खेपेला आपलाच पहिला नंबर येणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शहापूरच्या वाचनालयाची स्पर्धा, आज शेवटचा दिवस, पाचच्या आत कागद टेबलावर पडायला हवेत. तिच्या सापगावाहून शहापूर काही लांब नाही. दोन वर्षं तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं. मागच्या महिन्यात लेखन शिबिरातल्या सरांनी एकच सांगितलं होतं, घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. घरात कुणाला तरी म्हणजे आईलाच. दुसरं होतं कोण?

सकुबाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती.

"वाच," ती म्हणाली. "माझे कान रिकामेच हायत."

कथा एका बाईची होती. नवरा हायवेवर गाडीखाली गेल्याची बातमी घेऊन माणूस येतो. बाईच्या डोक्यावरची घागर निसटते आणि ती असा हंबरडा फोडते, की झाडावरची पाखरंसुद्धा उडून जातात. इथं अपेक्षाचा आवाज मस्त कापला. शिबिरात असती तर टाळ्याच पडल्या असत्या.

सकुबाईचे हात थांबले.

"घागर कुठची गो?"

"असते आये कथेत."

"असंल. पण ही तर माझी गोष्ट हाय. तुझा बाप गेला तवा माझ्या डोक्यावर घागर नव्हती. हंबरडा पण नाय फोडला मी."

झालं. नेमकं तेच तर अपेक्षाला झाकायचं होतं. बाप गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तेव्हापासून शेजारची गंगीकाकू लग्नात, बारशात, जिथं चार बाया जमतील तिथं सांगत आली होती, "नवरा रस्त्यावर पडला आन ही शेतात राब भाजत उभी! डोळ्यात टिपूस नाय." एकोणीस वर्षं अपेक्षाने ते खाली मान घालून ऐकलं. हंबरडा तिने मुद्दाम घातला होता. निदान कागदावर तरी आई रडली, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

"लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना तुला?"

"मला नाय तर कुणाला ठाऊक?" सकुबाईने पुन्हा वाल हातात घेतले. "गावातला देवजी बातमी सांगायला आला तवा राब निम्मा भाजून झालेला. भाताचं रोप करायची जागा ती, शेणपाला पसरून भाजायचीच. विस्तव वाऱ्याच्या उलट लावायचा, म्हंजे सावकाश चालतो. तसाच लावलेला. पण देवजी बोलला आन तेवढ्यात वारा फिरला. बांधापलीकडं गंगीची पेंढ्याची गंजी, तिच्यामागं गोठ्यात बैल बांधलेले, त्याला लागून घर. गंगी बाजाराला गेलेली. मी काय करायचं होतं? ओल्या डाहाळीनं झोडपून झोडपून विझवला. हाताची सालटी निघाली. मंग धावले. रडले पण, लय रडले. पण तवर लोकांचं लांबून बघून झालेलं."

ज्या बाईचं घर आईने वाचवलं, तीच बाई एवढी वर्षं बोलत होती.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? चार येळा लिवलीस म्हनं."

हे मात्र बरोबर वर्मी लागलं. अपेक्षा लाजली, चिडली, उठून चुलीपर्यंत गेली आणि परत येऊन आईसमोर मांडी घालून बसली. साडेअकरा वाजले होते. अजून पुष्कळ वेळ होता. तिने कोरं पान काढलं आणि विचारत सुटली. डाहाळी कशाची होती? ऐनाच्या झाडाची. विझवायला किती वेळ लागला? घड्याळ कुणाकडं होतं, पण सावली पायाशी होती ती बांधावर गेली. पायात काय होतं? काहीच नाय. आणि देवजीला काय म्हणालीस?

सकुबाईने हातातला वाल खाली ठेवला.

"बोलले, तू हो पुढं, मी विस्तव विझवून येते."

अपेक्षाची पेन्सिल थांबलीच. मग तिने ते वाक्य पानाच्या अगदी वर लिहिलं. घागर गेली, पाखरं गेली, हंबरडाही गेला. दोन पानं कमी झाली आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. तीन वाजता तिने सगळं पक्कं उतरवलं आणि वाचायला लागली.

"'तू हो पुढं, मी विस्तव विझवून येते,' शालिनी म्हणाली."

"शालिनी कोण?"

"तूच गो. कथेत नावं बदलतात."

"तिला काढ," सकुबाई म्हणाली. "सकुबाई लिव. आन गंगीला पण गंगीच राहू दे."

"आये, तिच्या कानावर जाईल ना."

"मंग कुणासाठी लिवलीस?"