उभ्या गाडीची बॅटरी

“नळाचं पाणी घातलंत ना हिच्यात?” मेकॅनिकनं बॅटरी उजेडाकडे धरत विचारलं.

“गाळून घातलं होतं,” ती म्हणाली.

“गाळून! वा. उकळून, वर थोडी साखर घालून पाजायचं होतं.” त्यानं टर्मिनलवरचा पांढरा थर नखानं खरवडला. “ताई, बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. आणि गाडी चालवता, का नुसती उभी असते?”

“चालू करते की रोज. सकाळी आणि संध्याकाळी.”

“किती वेळ?”

“एखादं मिनिट.”

मेकॅनिकनं कपाळावर हात मारून घेतला. “तिथंच वाट लागली. एकदा बटण दाबलं की जेवढी वीज जाते, ती भरून यायला गाडी चांगला अर्धा तास पळावी लागते. तुम्ही रोज दोनदा काढून घेता आणि परत काहीच टाकत नाही. नीट सांभाळली तर तीन-चार वर्षं कुठं जात नाही ही. तुम्ही वर्षाच्या आत मारलीत.”

“नवी द्या मग. पण सहाच्या आत द्या. ते सहाला कामावरून येतात, तेव्हा गाडी चालू व्हायला हवी.”

“बॅटरी इथं माझ्या टेबलावर. मग ते येणार कशावर बसून?”

ती पर्समधले पैसे काढून मोजायला लागली. नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असेल असं समजून त्यानं विषय सोडला. नवी बॅटरी काढली, तिच्यात ॲसिड भरलं आणि चार्जिंगला लावली.

“आता घाई करू नका. पहिलं चार्जिंग अर्धवट राहिलं, तर जन्मभर रडत राहील.”

ती बाकावर बसून राहिली. घराजवळची दुकानं सोडून ती मुद्दाम एवढ्या लांब आली होती. तिकडच्या सगळ्यांना ठाऊक होतं, की तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. त्यातल्या एखाद्यानं नको ते विचारलं असतं, आणि बोलता बोलता गोष्ट सासूबाईंपर्यंत पोचली असती.

सासूबाई वरच्या खोलीत पलंगाला खिळलेल्या. मायलेकांतून विस्तवही जात नव्हता. अबोला कशावरून धरला हे दोघांनाही धड आठवत नसावं, पण माघार घेतील तर शपथ. तो खाली राहायचा, त्या वर. तरी संध्याकाळी खिडकीखालच्या शेडमध्ये गाडीचा आवाज आल्याशिवाय म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नसे. तो वारला परगावी, कामासाठी गेला असताना. दिरानं तिकडचं तिकडेच सगळं उरकलं. डॉक्टरांनी बजावलं, की सासूबाईंचं हृदय हा धक्का सोसणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरचं ताट तसंच परत आलं. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, तिनं शेडमध्ये जाऊन गाडीचं बटण दाबलं आणि मिनिटभरानं बंद केलं. वर सासूबाई खाकरल्या. थोड्या वेळानं त्यांनी जेवायला मागितलं. तेव्हापासून तो रोज सकाळी कामावर जात होता आणि रोज संध्याकाळी परत येत होता. या सगळ्या सोंगात तिला नवऱ्यासाठी मोकळेपणी रडायलाही मिळालं नव्हतं.

पण खोटं पचलं होतं. उलट सासूबाई हल्ली टवटवीत दिसत. पलंगाजवळ खुर्ची ओढून ठेवायला सांगत, संध्याकाळी चहाचे दोन कप मागत. दंडक एवढाच, की गाडी आली की तासभर वर कुणी फिरकायचं नाही. लेकाच्या अबोल्यापायी म्हातारीला एकटीनं रडायचं असेल, असं धरून तीही जात नसे.

बॅटरी हातात पडली तेव्हा सहा केव्हाच वाजून गेले होते. ती जवळजवळ पळतच निघाली. पिशवी जड होती. गाडी आली नाही म्हणून म्हातारीनं हाय खाल्ली असली तर? रस्ताभर तिला वरची खोली आणि पांढरी पडलेली सासू दिसत होती.

ती फाटकातून आत शिरते न शिरते तोच वरून हाक आली. “आलीस का गं? वर ये आधी.”

आवाज ऐकून तिच्या जिवात जीव आला. पिशवी तशीच हातात घेऊन ती जिना चढली. खोलीत दिवा लावलेला नव्हता.

“आई, त्यांना आज उशीर होणार आहे. काम वाढलंय, म्हणून मघाशी फोन—”

“पुरे. बस इथं. खुर्चीवर नको, माझ्याजवळ बस.” सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात थंडगार होता. “तू पहिल्यांदा गाडी चालू केलीस ना, त्याच संध्याकाळी मला कळलं, माझा लेक गेला म्हणून.”

तिनं पिशवी खाली ठेवली. “कुणी सांगितलं? भावजींनी?”

“नाही. त्यानं स्वतःच.”

सासूबाई रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्यांची नजर खिडकीवरून हलत नव्हती, आणि त्या नजरेत भीती होती.

“अबोला सुटला गं आमचा. पण आज तू गाडी चालू केली नाहीस. मघापासून घराभोवती फिरतोय, मला हाका मारतोय. जा, बसव ती बॅटरी लवकर. त्या आवाजाशिवाय त्याला घर सापडत नाही.”