वाकडी मूठ

कोयता पुन्हा चांगुणाच्या हातातून निसटला आणि मासळीबाजाराच्या फरशीवर खणखणला. समोरचं गिऱ्हाईक दचकून मागे सरलं. अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यापासून तिच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, आणि गुळगुळीत लाकडी मूठ त्यांना मुळीच जुमानत नव्हती.

नवऱ्याने होडीच्या सुकाणूला घातली होती तशीच, नायलॉनच्या दोरीची वेणीसारखी देखणी वीण मुठीवर चढवून दिली. तरी कोयता निसटलाच. ती वीण त्याच्या हाताच्या मापाची होती.

"बास झालं गो. बाजारातली जागा आता सुनेला दे," तो म्हणाला.

"आधी मला विणायला शिकव."

तिने त्याची वीण सोडून टाकली. अधू हाताने मूठ धरायची आणि डाव्या हाताने दोरी बोटांच्या मधून वर-खाली ओवायची. दोरी सुटली की एक सणसणीत शिवी हासडून ती पुन्हा सुरुवात करायची. बोट टेकेना तिथे तिने वेढा वाढवला, अंगठा अडला तिथला काढून टाकला.

तयार मूठ नवऱ्याने धरून पाहिली. त्याला ती नीट धरताच येईना.

"वाकडी झाली गो."

"मग हात कुठे सरळ आहे माझा?"

दुसऱ्या दिवशी तिने सुरमई ओंडक्यावर ठेवली, एका घावात मुंडकं वेगळं केलं आणि मान वर न करता विचारलं, "हां, पुढची कुणाची?"